घरोघरीची दफ्तरे आणि गावांच्या नावांचा इतिहास

गावाचा इतिहास बहुधा सरकारी कचेरीत लिहिला जात नाही. तो एखाद्या वाड्यातील रुमालात, निवृत्त शिक्षकाच्या वहीत, पुरोहिताच्या घरच्या ताम्रपटात किंवा शेतात सापडलेल्या खापरांच्या पेटीत साठत जातो. महाराष्ट्राच्या इतिहासाची फार मोठी सामग्री अशा खासगी संग्रहांतूनच बाहेर आली आहे. या संग्रहांनी राजकीय घडामोडींबरोबरच गावांची जुनी नावे, शिवारांच्या खुणा, शिलालेख आणि लहानमोठे पुरावशेष यांच्याही नोंदी जपल्या. मात्र संग्राहकाच्या निधनानंतर त्याच्या कागदांचे काय होते, या प्रश्नाकडे आजही पुरेसे लक्ष दिले जात नाही. कागद टिकले, पण ते कोठले आणि कोणाचे हे सांगणारी माहिती नष्ट झाली, तर त्यांचे निम्मे मोल संपते. या पार्श्वभूमीवर खासगी दफ्तरे कशी तयार झाली, त्यांतून काय हाती लागले आणि ती पुढे कशी सांभाळावीत, याचा हा आढावा.

दिल्लीच्या बातम्या, मराठी घरातील कागद

अठराव्या शतकातील दिल्लीचा इतिहास जाणून घेण्यासाठी फारसी तवारिखांइतकीच मराठी पत्रेही महत्त्वाची मानली जातात. मोगल दरबारात मराठ्यांचे वकील म्हणून हिंगणे घराण्याने दोन पिढ्यांहून अधिक काळ काम पाहिले. महादेव भट हिंगणे आणि त्यांच्यानंतर त्यांचे पुत्र बापूजी, दामोदर व पुरुषोत्तम यांनी दिल्लीहून पाठविलेल्या आणि त्यांना आलेल्या पत्रांत दरबारातील चढाओढ, वजिरांची राजकारणे, अब्दालीच्या स्वाऱ्या आणि पैशाची ओढाताण यांचे तपशील आढळतात.

हे कागद कोणत्याही सरकारी अभिलेखागारासाठी लिहिलेले नव्हते. ते घराण्याचे दफ्तर होते. पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाने १९४० च्या दशकात ग. ह. खरे यांच्या संपादनाखाली 'हिंगणे दफ्तर' खंडरूपाने प्रसिद्ध केले, तेव्हा ते सर्व अभ्यासकांना खुले झाले. राजधानीतील घटनांचा एक महत्त्वाचा साक्षीदार अशा रीतीने शेकडो मैल दूरच्या मराठी घराण्यामुळे जिवंत राहिला.

साताऱ्याचे दत्तात्रय बळवंत पारसनीस यांच्या संग्रहाचीही अशीच कथा आहे. त्यांनी जुन्या घराण्यांकडून मराठी व फारसी कागद, चित्रे आणि नकाशे मिळविले. नाना फडणीसांच्या मेणवली येथील दफ्तराचा मोठा भाग त्यांच्या प्रयत्नांमुळे अभ्यासकांसमोर आला. 'दिल्ली येथील मराठ्यांची राजकारणे' हा पत्रसंग्रहही त्यांनी प्रसिद्ध केला. त्यांच्या संग्रहातील फारसी बातमीपत्रांचे जदुनाथ सरकार यांनी इंग्रजीत भाषांतर केले आणि १७६१ ते १७८८ या काळातील दिल्लीच्या घडामोडींवरील तो खंड १९५३ मध्ये मुंबईत प्रसिद्ध झाला.

पारसनीसांच्या हयातीतच, १९२५ मध्ये, साताऱ्यात संग्रहालय उभे राहिले. पुढच्याच वर्षी त्यांचे निधन झाले. १९३९ मध्ये हा संग्रह पुण्याच्या डेक्कन कॉलेजात हलविण्यात आला. संग्राहक गेला तरी संग्रह एकत्र राहिला, ही त्यातील सर्वांत मोलाची गोष्ट होय. सर्वच संग्रहांच्या वाट्याला असे भाग्य आले नाही.

पत्राचे वर्ष सांगणारा रुमाल

खासगी दफ्तर एकत्र का राहिले पाहिजे, याचे उत्तर जुन्या मराठी पत्रांच्या रचनेतच आहे. अनेक पत्रांवर तिथी असते किंवा मुसलमानी महिन्याचा चंद्र दिलेला असतो, परंतु वर्ष नसते. लिहिणाऱ्याला आणि वाचणाऱ्याला वर्ष ठाऊकच असे. दोनशे वर्षांनी ते पत्र हाती घेणाऱ्याला मात्र ते कोणत्या वर्षाचे, हे तर्काने ठरवावे लागते.

अशा वेळी पत्र कोणत्या रुमालात होते, त्याच्या मागेपुढे कोणते कागद होते, अक्षर कोणाचे होते, यांवरून काळ ठरविता येतो. रुमाल म्हणजे कागदांच्या पुडक्यांना गुंडाळलेले कापड आणि त्यातील संपूर्ण गठ्ठा. एखाद्या हौशी माणसाने रुमाल सोडून 'महत्त्वाची' पत्रे वेगळी काढली आणि उरलेली 'किरकोळ' म्हणून बाजूला टाकली, तर महत्त्वाच्या पत्रांचीही साक्ष दुबळी होते. सुरुवातीच्या काळात प्रसिद्ध झालेल्या अनेक मराठी पत्रांचे कालनिर्णय पुढच्या संशोधकांना दुरुस्त करावे लागले, हे याचेच द्योतक आहे.

राजवाडे यांची पायपीट

या कार्याचा पाया घालणाऱ्यांत विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांचे नाव अग्रभागी आहे. १८६३ मध्ये जन्मलेल्या राजवाड्यांनी १८९८ मध्ये 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड काढला. पानिपतपर्यंतच्या काळातील पत्रव्यवहार त्यात होता. पुढे या मालेचे एकूण २२ खंड झाले. सरकारी पाठबळ नसताना, गावोगाव हिंडून, माळ्यांवरील आणि कोनाड्यांतील कागद उतरवून घेत त्यांनी ही सामग्री जमविली. १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळाची स्थापना करण्यातही त्यांचा पुढाकार होता.

राजवाड्यांची दृष्टी केवळ राजेरजवाड्यांच्या पत्रांपुरती मर्यादित नव्हती. गावांची नावे, आडनावे आणि बोलीतील शब्द हीसुद्धा इतिहासाची साधने आहेत, असा त्यांचा आग्रह होता. वसाहत कोणी केली, कोणत्या वाटेने लोक आले, जंगल कोठे होते आणि पाणी कोठे होते, याची खूण नावात राहते, हे त्यामागील सूत्र होते. १९२४ मध्ये त्यांनी संपादित केलेल्या 'महिकावतीची बखर' या ग्रंथात उत्तर कोकणातील वस्त्यांची आणि गावांची माहिती आहे. आज ज्या भागात महानगराचा विस्तार झाला आहे, तेथील कित्येक जुनी नावे या बखरीत भेटतात.

राजवाड्यांनी लावलेल्या काही व्युत्पत्ती पुढील भाषाभ्यासकांनी स्वीकारल्या नाहीत. तथापि, नावे गोळा करणे आणि नावांचा अर्थ लावणे ही दोन वेगळी कामे आहेत. अर्थाविषयी मतभेद होऊ शकतात, नवे पुरावे येऊ शकतात. गोळा केलेली नावे मात्र प्रत्येक पिढीला नव्याने उपयोगी पडतात.

३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळे येथे राजवाड्यांचे निधन झाले. त्यांच्या कागदांची पांगापांग होऊ नये म्हणून त्यांच्या चाहत्यांनी लगेच हालचाल केली आणि १९२७ मध्ये धुळ्यात राजवाडे संशोधन मंडळ स्थापन झाले. त्यांचा संग्रह जपणे, अप्रकाशित लेखन प्रसिद्ध करणे आणि 'संशोधक' हे नियतकालिक चालविणे, ही कामे या संस्थेने पत्करली. संग्राहकाच्या मृत्यूनंतरचे पहिले काही महिने किती निर्णायक असतात, याचे हे ठळक उदाहरण आहे.

ताम्रपट पुण्याचा, गाव वर्ध्याकडचे

स्थलनामांचे महत्त्व किती असू शकते, याचा सर्वांत बोलका दाखला एका ताम्रपटाने दिला आहे. वाकाटक राणी प्रभावतीगुप्ता हिचा एक दानपत्र-लेख अभ्यासकांमध्ये 'पुणे ताम्रपट' या नावाने ओळखला जातो. प्रत्यक्षात त्यातील दानाचा पुण्याशी काही संबंध नाही. हे पत्रे एका घराण्यात पिढीजात वस्तू म्हणून सांभाळले गेले होते आणि अभ्यासकांच्या हाती आले ते पुण्यात, म्हणून त्यांना ते नाव पडले.

मूळ ठिकाणाचा माग लागला तो लेखातील नावांमुळे. हे दान नंदिवर्धन येथून देण्यात आले असून दान दिलेल्या गावाचे नाव दंगुण असे आहे. त्याच्या चारही दिशांना असलेल्या गावांची नावेही लेखात नोंदविलेली आहेत. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी नंदिवर्धन म्हणजे रामटेकजवळील नगरधन, तर दंगुण म्हणजे वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट, असे स्थलनिश्चितीचे मत मांडले. वाकाटकांचे लेख त्यांनी एकत्र संपादित केले आणि तो ग्रंथ १९६३ मध्ये भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या मालेत प्रसिद्ध झाला.

या उदाहरणातून दोन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, वस्तू कोठे सापडली याची नोंद नसेल तर ती भलत्याच गावाच्या नावाने ओळखली जाऊ शकते. दुसरी, नकाशावरील आजची साधी गावेसुद्धा दीड हजार वर्षांपूर्वीच्या लेखाचे कोडे सोडवू शकतात. मात्र त्यासाठी त्या गावांची स्थानिक नावे, जुने उच्चार आणि शेजारच्या वस्त्यांची नावे कोणीतरी टिपून ठेवलेली असावी लागतात.

नावे बदलतात, पण बहुधा काही नियमाने बदलतात. प्रतिष्ठानचे पैठण झाले, करहाटकचे कऱ्हाड झाले, शूर्पारकचे सोपारा झाले. गावांच्या नावापुढे लागणारे बुद्रुक आणि खुर्द हे शब्द फारसीतील थोरला आणि धाकटा या अर्थाच्या शब्दांवरून आले असून ते महसुली कारभाराची खूण सांगतात. केवळ आजच्या उच्चारावरून अर्थ लावल्यास मात्र फसगत होते. म्हणूनच नावाचे जुन्यात जुने लिखित रूप शोधणे, ही स्थलनाम अभ्यासाची पहिली पायरी मानली जाते.

सर्वच नावांचा निकाल लागतो असेही नाही. कार्ले येथील लेण्यांतील लेखांत धेनुकाकट येथील दात्यांचे उल्लेख वारंवार येतात. हे स्थळ कोणते, याविषयी विद्वानांत एकमत नाही. दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी ते कार्ल्याजवळील देवघर असावे, असे मत मांडले होते. कोसंबी गणिताचे प्राध्यापक होते, परंतु पुण्याच्या परिसरात पायी हिंडून त्यांनी सूक्ष्म दगडी हत्यारे, देवींची ठाणी आणि जुन्या वाटा यांच्या नोंदी केल्या. १९६२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या 'मिथ अँड रिअॅलिटी' या ग्रंथाचा मोठा आधार ही पायपीटच होती.

तेर येथील एका गावकऱ्याचे संग्रहालय

धाराशिव जिल्ह्यातील तेर हे तेरणा नदीकाठचे गाव. ग्रीक भाषेतील 'पेरिप्लस' या जुन्या सागरी प्रवासग्रंथात पैठणबरोबर उल्लेखिलेले तगर ते हेच, अशी स्थलनिश्चिती जे. एफ. फ्लीट यांनी विसाव्या शतकाच्या प्रारंभी केली. परंतु तेरचे वैभव जगासमोर आणण्यात तेथील रहिवासी रामलिंगप्पा लामतुरे यांचा वाटा फार मोठा आहे.

लामतुरे यांनी आयुष्यभर गावाच्या परिसरात मिळणाऱ्या भाजक्या मातीच्या मूर्ती, नाणी, मणी, शंखाच्या आणि हस्तिदंताच्या वस्तू जमविल्या. त्यांतील हस्तिदंती स्त्रीमूर्तीची तुलना इटलीतील पॉम्पेई येथे मिळालेल्या मूर्तीशी केली जाते आणि सातवाहनकाळातील व्यापाराच्या चर्चेत तिचा उल्लेख हमखास येतो. त्यांचा संग्रह पुढे राज्य शासनाकडे आला आणि आज तेर येथे त्यांच्याच नावाचे शासकीय संग्रहालय आहे.

या संग्रहाचे वैशिष्ट्य असे की तो मुख्यतः एकाच गावाचा आहे आणि त्याच गावात आहे. वस्तू कोठली, हा प्रश्न तेथे बहुतांशी पडत नाही. अर्थात, जमिनीवर सापडलेल्या वस्तूला मर्यादाही असतात. ती कोणत्या थरातील, तिच्याबरोबर काय होते, हे सांगता येत नाही. ते काम शास्त्रीय उत्खननाचे आहे. म्हणून आज कोणी गावातील अवशेषांची नोंद करीत असेल, तर वस्तू उचलण्याऐवजी तिचे छायाचित्र, मोजमाप आणि जागा टिपणे अधिक श्रेयस्कर ठरते. पुरलेला ठेवा सापडल्यास त्याची माहिती प्रशासनाला देण्याची तरतूद १८७८ च्या निखात निधी कायद्यात आहे, हेही लक्षात ठेवले पाहिजे.

मूळ नष्ट झाल्यावर

सरकारी कागद आणि प्रत्यक्ष वास्तू यांच्याइतके शाश्वत काही नाही, असा सर्वसाधारण समज असतो. इतिहासाचा अनुभव मात्र वेगळा आहे. दिल्लीत न्यायखात्यात नोकरीला असलेल्या सय्यद अहमद खान यांनी १८४७ मध्ये 'आसार-उस-सनादीद' हा उर्दू ग्रंथ प्रसिद्ध केला. दिल्लीतील वास्तू, शिलालेख आणि परिसर यांची ती तपशीलवार नोंद होती. कुतुबमिनाराच्या उंच भागावरील लेख उतरवून घेण्यासाठी ते टोपलीत बसून वर लटकत असत, असे त्यांच्या चरित्रात सांगितले जाते. १८५४ मध्ये ग्रंथाची दुसरी आवृत्ती निघाली.

त्यानंतर तीनच वर्षांनी १८५७ चा उठाव झाला. उठाव मोडल्यावर ब्रिटिशांनी लाल किल्ल्यातील आणि किल्ल्याच्या भोवतालच्या अनेक इमारती पाडल्या. अकबराबादी मशीद ही त्यांपैकी एक. अशा वास्तूंची माहिती मिळविण्यासाठी आज अभ्यासकांना याच ग्रंथाकडे वळावे लागते. एका माणसाने हौसेने केलेली नोंद दहा वर्षांच्या आत दुर्मीळ पुरावा ठरली.

आयर्लंडची कहाणी याहून मोठी आहे. तेथे १८३० च्या दशकात सर्वेक्षण खात्यासाठी काम करताना जॉन ओ'डोनोव्हन या भाषापंडिताने गावोगाव हिंडून स्थानिक आयरिश नावे, पडक्या वास्तू आणि दंतकथा यांची माहिती पत्रांतून कळविली. नकाशांवर नावे इंग्रजी वळणाने छापली जात होती, तेव्हा मूळ रूपे या पत्रांत व टिपणवह्यांत टिकून राहिली. पुढे ३० जून १९२२ रोजी यादवी युद्धात डब्लिनचे सार्वजनिक अभिलेखागार स्फोटात आणि आगीत भस्मसात झाले. शतकानुशतकांचे दस्तऐवज एका दिवसात गेले. त्यानंतर वकील, वंशावळी लिहिणारे आणि स्थानिक इतिहासाचे हौशी अभ्यासक यांनी पूर्वी आपल्यापुरत्या करून घेतलेल्या नकलांना मूळ दस्तऐवजांची किंमत आली. जगभरातील संस्थांत शिल्लक राहिलेल्या अशा प्रतींच्या आधारे नष्ट झालेल्या अभिलेखागाराची संगणकीय पुनर्रचना करण्यात आली असून ती २०२२ मध्ये लोकांसाठी खुली झाली.

आयर्लंडने आणखी एक उपक्रम केला. १९३७ ते १९३९ या काळात सुमारे ५,००० प्राथमिक शाळांतील मुलांनी घरातील आणि शेजारच्या वडीलधाऱ्यांकडून स्थानिक इतिहास, लोककथा आणि जागांची नावे लिहून आणली. त्यातून जमलेली सुमारे ७ लाख ४० हजार पाने आज जपून ठेवली आहेत. महाराष्ट्रातील शाळांनाही अनुकरण करता येईल असा हा उपक्रम आहे.

गट क्रमांकामागे गेलेली नावे

मोठ्या गावांची नावे नकाशावर राहतात. खरा धोका लहान नावांना आहे. शिवारातील माळ, ओढा, पाणंद, टेक, उतार आणि विहीर यांना प्रत्येक गावात स्वतंत्र नावे असत. कोठे पूर्वी वस्ती होती, कोठे युद्ध झाले, कोठे बाजार भरत असे, याच्या खुणा त्या नावांत असतात. वीरगळ, सतीशिळा आणि गधेगळ हे दगडही अशाच जागी उभे असतात. जमिनीची ओळख सर्व्हे क्रमांकाने आणि एकत्रीकरणानंतर गट क्रमांकाने होऊ लागली, तशी ही नावे व्यवहारातून मागे पडली. सातबारा उताऱ्यावर 'शेताचे स्थानिक नाव' असा रकाना आजही आहे, परंतु अनेक उताऱ्यांवर तो रिकामाच दिसतो.

धरणांमुळे काही गावेच्या गावे पाण्याखाली गेली. उजनी जलाशयातील पळसदेवचे प्राचीन मंदिर पाणी ओसरल्यावर उन्हाळ्यात उघडे पडते, तेव्हा त्याची छायाचित्रे सर्वत्र झळकतात. मंदिराच्या भोवतालच्या वाटा, घाट आणि मळे यांची नावे मात्र जुन्या रहिवाशांच्या आठवणीपुरती उरली आहेत. राजधानी दिल्लीचेही असेच आहे. १९११ नंतर नवी दिल्ली वसविण्यासाठी घेतलेल्या जमिनींतील रायसीना आणि मालचा ही गावे आज टेकडीच्या आणि रस्त्याच्या नावापुरती शिल्लक आहेत.

अधिकृत नामांतराचाही येथे विचार करावा लागतो. महाराष्ट्रात २०२३ मध्ये औरंगाबाद आणि उस्मानाबाद या जिल्ह्यांची नावे छत्रपती संभाजीनगर व धाराशिव झाली, तर २०२४ मध्ये अहमदनगरचे अहिल्यानगर झाले. कोणत्याही संग्रहाची सूची करताना कागदावर असलेले नाव आणि आजचे नाव अशी दोन्ही नोंदविली नाहीत, तर पुढील वाचकाला तो कागद शोधूनही सापडणार नाही.

कसोटीचा काळ

खासगी संग्रहाला सर्वांत मोठा धोका वाळवी, दमट हवा आणि कसर यांचा असतो, असे मानले जाते. ते खरेच आहे. परंतु त्याहूनही मोठा धोका अज्ञानाचा आहे. संग्राहक हयात असताना कोणत्या पेटीत काय आहे, हे त्याला तोंडपाठ असते. त्यामुळे तो ते लिहून ठेवीत नाही. त्याच्या निधनानंतर घर बदलते, वाडा पाडला जातो, भावंडांत वाटण्या होतात. मोडी लिपी घरात कोणाला वाचता येत नाही, म्हणून जमाखर्चाच्या वह्या आणि सनदा यांतील भेद कळत नाही. मग उपयुक्त वाटणारे ग्रंथ वाचनालयाला, चित्रे विक्रीला आणि हस्तलिखित वह्या रद्दीत, अशी विभागणी होते.

विभागणी झाली तरी ती जाणीवपूर्वक आणि लेखी असेल तर हानी कमी होते. मुंबईत राहून संशोधन करणारे पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी १८८२ मध्ये सोपारा येथील स्तूपाचे उत्खनन केले होते. १८८८ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांच्या इच्छेनुसार हस्तलिखिते मुंबईच्या एशियाटिक सोसायटीला, तर नाणी व शिलालेख लंडनच्या ब्रिटिश म्युझियमला मिळाले. संग्रह दोन देशांत विभागला गेला, तरी कोणती वस्तू कोठे आहे हे निश्चित कळते. अनामिक विक्रीत तेवढेही उरत नाही.

कागद कोठे द्यावेत

नवी दिल्लीतील राष्ट्रीय अभिलेखागार हे प्रामुख्याने केंद्र सरकारच्या दस्तऐवजांचे भांडार आहे. १८९१ मध्ये कोलकात्यात सुरू झालेल्या या संस्थेची दिल्लीतील वास्तू १९२६ मध्ये पूर्ण झाली. तेथे खासगी कागदपत्रांचाही मोठा विभाग आहे. दादाभाई नौरोजी, गोपाळ कृष्ण गोखले, मु. रा. जयकर आणि अमरावतीचे दादासाहेब खापर्डे यांचे कागद तेथे आहेत. खापर्डे यांनी १९११-१२ मध्ये शिर्डीत मुक्काम केला, तेव्हाच्या दैनंदिनीतील नोंदी आज त्या गावाच्या इतिहासाचे साधन ठरल्या आहेत. राष्ट्रीय पुढाऱ्याच्या रोजनिशीत एका लहान गावाचे दैनंदिन जीवन असे सापडते. अभिलेखागाराचे 'अभिलेख पटल' हे संकेतस्थळ २०१५ मध्ये सुरू झाले असून त्यावर सूची पाहता येते. दिल्लीतच तीन मूर्ती परिसरातील ग्रंथालयात, ज्याला २०२३ पासून प्रधानमंत्री संग्रहालय आणि ग्रंथालय असे नाव आहे, खासगी कागदपत्रांचा मोठा संग्रह आहे.

तथापि, प्रत्येक गावच्या वहीने दिल्ली गाठावी, असे नाही. मराठी आणि मोडी वाचणारे अभ्यासक जेथे येतात, अशा पुणे, धुळे, मुंबई, नागपूर येथील संशोधन संस्था किंवा जिल्ह्यातील जुनी ग्रंथालये अनेकदा अधिक योग्य ठरतात. गावाशी संबंध असलेला कागद गावाजवळ राहिला, तर त्याचा अर्थ लावणारी माणसेही जवळ असतात.

कायद्याच्या दृष्टीने काही बाबी ध्यानात ठेवणे आवश्यक आहे. १९९३ चा सार्वजनिक अभिलेख कायदा सरकारी दस्तऐवजांना लागू होतो. घरातील कागदांचे काय करावे, हे तो ठरवीत नाही. ७५ वर्षांहून जुनी आणि ऐतिहासिक मूल्याची हस्तलिखिते मात्र १९७२ च्या पुरावस्तू कायद्याच्या कक्षेत येतात आणि खासगी व्यक्तीला ती देशाबाहेर नेता येत नाहीत. कागदाची मालकी आणि त्यावरील मजकुराचा लेखनहक्क या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. संस्थेला संग्रह देताना दोन्हींविषयी लेखी करार करणे हिताचे असते.

हस्तलिखितांच्या नोंदणीसाठी केंद्र सरकारने २००३ मध्ये राष्ट्रीय पांडुलिपी मिशन सुरू केले होते. २०२५ च्या अर्थसंकल्पात 'ज्ञान भारतम्' या मोहिमेची घोषणा झाली आणि संस्था, ग्रंथालये व खासगी संग्राहक यांच्याकडील एक कोटीहून अधिक हस्तलिखिते तिच्या कक्षेत आणण्याचे उद्दिष्ट ठेवण्यात आले.

घरच्यांनी काय करावे

तज्ज्ञांची मदत मिळेपर्यंत घरच्या मंडळींना काही साध्या गोष्टी करता येतात. कागद ज्या क्रमाने आहेत त्याच क्रमाने ठेवावेत. रुमाल किंवा पेटी उघडण्यापूर्वी तिचे छायाचित्र घ्यावे. प्रत्येक गठ्ठ्याला क्रमांक द्यावा आणि तो कोणाचा, कोठे होता, घरात कसा आला, हे वेगळ्या कागदावर लिहावे. मूळ कागदावर शाईने काही लिहू नये. चिकटपट्टी लावू नये आणि प्लास्टिकचे कायमचे आवरण तर मुळीच घालू नये, कारण ते पुन्हा काढता येत नाही. छायाचित्रांच्या मागे व्यक्ती, गाव आणि वर्ष मऊ पेन्सिलीने हलकेच नोंदवावे.

संगणकीय प्रत करणे उपयुक्त आहे, परंतु ती मूळ कागदाला पर्याय नाही. शिवाय क्रमांक आणि ठिकाण नसलेल्या हजारो छायाचित्रांचा संच हा विस्कटलेल्या रुमालासारखाच असतो. प्रत्येक प्रतीला मूळ गठ्ठ्याचा क्रमांक असावा.

सर्वांत तातडीचे काम संग्राहक हयात असतानाच करण्याचे आहे. त्यांच्याजवळ बसून प्रत्येक पेटीची हकीकत विचारावी, शिवारातील जागांची नावे त्यांच्याच उच्चारात ध्वनिमुद्रित करावीत आणि नकाशावर त्या जागा दाखवून घ्याव्यात. कागद पुढेमागे वाचता येतील. मोडी शिकता येते, फाटलेले पान सांधता येते. टेकडीखालच्या मळ्याला काय म्हणत आणि दारातला वीरगळ मूळचा कोणत्या बांधावरचा, हे सांगणारा माणूस गेला, तर ती माहिती कोणत्याही अभिलेखागारात मिळणार नाही.